पारूबाईंची फर्माईश

"हे बघ काय आलंय," म्हणत परेश सरांनी माझ्यासमोर एक पोस्टकार्ड टाकलं.

रविवार होता, सकाळचे पावणेदहा. दहाला माझा कार्यक्रम सुरू व्हायचा होता आणि मी हेडफोनची गुंतलेली वायर सोडवत बसलो होतो. दोन हजार नऊ साल. सांगलीत नव्यानं निघालेल्या एका खासगी एफएम स्टेशनवर मी शनिवार-रविवार बोलायला जायचो. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. कॉलेजात मी अभिनंदन चौगुले, रेडिओवर 'आरजे अभी'. दिवसाला तीनशेच्या वर एसएमएस यायचे. पोस्टकार्ड मात्र आजवर कुणी पाठवलं नव्हतं.

मी ते वाचलं. अक्षरं मोठमोठी, ओळ डावीकडून सुरू होऊन उजवीकडे घसरत गेलेली.

'रेडीओ वाल्या पोरास नमसकार. मी पारुबाई नाना वाघमोडे मुकाम निंबळवाडी. मालकास बैलगाडीच जुन गाण लई आवडत. ते लावाव. चुक भुल माफ.'

"वाच की ऑन एअर," परेश सर म्हणाले. ते आमचे प्रोग्रॅम हेड. पुण्याहून आलेले, वय तिशीच्या आत. त्यांनी एकदा 'भारी' म्हटलं की माझा आठवडा आनंदात जायचा.

मी वाचलं. पण साधं नाही वाचलं. आवाज बारीक केला, म्हातारीसारखा कापरा केला आणि जसं लिहिलं होतं तसंच, चुकांसकट, अडखळत वाचलं. न-म-स-कार. मु-काम. काचेपलीकडे परेश सर पोट धरून हसत होते. ते हसताहेत हे बघून मला आणखी चेव आला. शेवटी म्हणालो, "तर पारूमावशी, खास तुमच्या मालकांसाठी!" आणि त्या आठवड्याचं सगळ्यात धांगडधिंग्याचं गाणं लावलं.

पाच मिनिटांत फोनची लाईन जाम झाली. सगळ्यांना पारूमावशी पुन्हा हवी होती.

पुढच्या आठवड्यात दुसरं कार्ड आलं.

'पोरा तु माझ पत्र वाचलस. समदी हासली. मालक बी हासल. पन गान दुसरच लागल. चुकुन झाल असल. पुन्यांदा लाव.'

हेही मी तसंच वाचलं. 'चुकुन झाल असल' या शब्दांवर थोडा थांबलो, उसासा टाकला आणि पुन्हा एक नाचाचं गाणं सोडलं. त्या दिवसापासून 'पारूमावशीचं पत्र' हा दर रविवारचा ठरलेला भाग झाला. साडेदहाला. आधी एक आणि नंतर एक जाहिरात.

त्या वयात आम्ही माणसांना त्यांच्या गाण्यांवरून मोजायचो. कुणाच्या मोबाइलमध्ये कुठली गाणी आहेत, हे बघून त्याच्याशी मैत्री करायची की नाही ते ठरायचं. इंग्रजी बँड ऐकणारा वरचा, नवी हिंदी गाणी ऐकणारा मधला, आणि जुनी मराठी गाणी ऐकणारा म्हणजे संपलाच. माझ्या स्वतःच्या घरी पप्पा सकाळी दाढी करताना जुनी गाणी गुणगुणायचे, तेव्हा मित्र आलेले असले तर मी बाथरूमचं दार ओढून घ्यायचो. मला मोठं व्हायचं होतं आणि मोठं होणं म्हणजे या सगळ्यापासून लांब जाणं, असं माझं पक्कं मत होतं.

पप्पा माझा कार्यक्रम न चुकता ऐकायचे. एकदा जेवताना म्हणाले, "ती बाई खरी आहे का रे?"

"खरीच आहे. कार्डं येतात."

"मग तिचं गाणं लाव की एकदा. किती दिवस मागतीय."

"आमच्या सिस्टीममध्ये जुनी गाणी नसतात, पप्पा."

हे खोटं होतं. जुन्या गाण्यांचं एक फोल्डर होतं आणि त्यात ते बैलगाडीचं गाणंही होतं. मी शोधून ठेवलं होतं. पण ते लावलं असतं तर मग पुढच्या रविवारी गंमत कसली?

पाच कार्डं आली. मग एका आठवड्यात आलंच नाही.

"आज पारूमावशी नाही?" परेश सरांनी विचारलं.

"कार्ड नाही आलं."

"अरे, मग? लोक वाट बघणार." त्यांनी हातातला चहाचा कप ठेवला. "रेडिओ आहे हा. कार्ड कुणाला दिसतंय?"

मला लगेच कळलं. कळायला वेळ लागला असता तर बरं झालं असतं. मी एका कोऱ्या कागदावर पत्र लिहिलं. तिच्यासारखंच, तिच्याहून जास्त चुका करून. सुनेचं नि कोंबड्यांचं काहीतरी रचलं. लोक हसले. पुढच्या रविवारीही कार्ड नाही आलं, तेव्हा दुसरं लिहिलं. तिसऱ्या रविवारी तर मी तिच्या कार्डाची चौकशीही केली नाही, कारण घरूनच लिहून आणलं होतं. ते माझं सगळ्यात जमलेलं पत्र होतं. अजून पाठ आहे.

'पोरा, मालक असं घोरत्यात की कोंबडं बी लाजतंय. तवा त्येंची झोप उडंल असं झकास नाचायचं गाणं लाव. म्या बी नाचती.'

त्या दिवशी परेश सरांनी काचेपलीकडून दोन्ही हातांचे अंगठे वर करून दाखवले.

मंगळवारी लेक्चर संपवून स्टेशनवर गेलो, तर टेबलावर पोस्टकार्ड होतं. तेच घसरतं अक्षर. मी खुशीत उचललं.

'मी पत्र धाडल नाही. मालक वारल. मी पत्र धाडल नाही हे रेडीओत सांगा. पारुबाई.'

मी ते दोनदा वाचलं आणि परेश सरांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनीही वाचलं. मग म्हणाले, "वाईट झालं. आता हा भाग बंद करू."

"आणि हे सांगायचं ना?"

"काय सांगणार? की आपण पत्रं बनवली? वेडा आहेस का? उद्या पेपरात येईल." त्यांनी कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं. "दोन आठवड्यांत विसरतील लोक."

रात्री अंथरुणावर पडल्यावर माझं मलाच तिसरं पत्र आठवायला लागलं. त्येंची झोप उडंल असं. सकाळी उठलो, मित्राची गाडी मागून घेतली आणि निंबळवाडीला निघालो.

पंचवीसेक किलोमीटरवरचं गाव. रस्त्यालगतच अंगणवाडी होती. तिथं एक बाई व्हरांड्यात तांदळाचं पोतं शिवत होत्या. मी पारूबाई वाघमोडेंचं घर विचारलं.

"कोण आपण?"

"रेडिओवरून आलोय. अभी."

त्यांनी सुई खाली ठेवली. मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुम्ही होय ते," म्हणाल्या. "एवढेच आहात?"

त्या कोळेकर बाई. अंगणवाडी सुटल्यावर दुपारी बायकांना लिहायला-वाचायला शिकवायच्या. त्यांनीच मला पुढं घातलं. चालता चालता, आवाज अजिबात न चढवता, एकेक सांगत गेल्या.

पारूबाई साठीच्या होत्या. नाना वाघमोडे तरुणपणी कारखान्याला उसाच्या बैलगाड्या हाकायचे. दीड वर्षापूर्वी अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून अंथरुणाला खिळलेले. वाचा गेली होती, कान तेवढे शाबूत होते. पारूबाई वर्गाला बसल्या त्या त्यांच्यासाठी. रेडिओवाल्याला पत्र लिहिलं की गाणं लावतात, असं कुणीतरी सांगितलं होतं.

"लिहायला शिकल्यावर बायका पहिलं पत्र लेकीला लिहितात, माहेरी लिहितात," बाई म्हणाल्या. "हिनं तुम्हाला लिहिलं. चार दिवस लागले होते त्या पहिल्या कार्डाला."

त्या पुढं चालत राहिल्या.

"दर रविवारी उशी लावून नानांना बसवायची. पुढं हे गाणं येईल म्हणून दोघंही शेवटपर्यंत ऐकायचे. मग ते दवाखान्यात गेले मिरजेला. तिथनं परत आलेच नाहीत."

"कधी गेले?"

"तुम्ही ते घोरण्याचं वाचलंत ना, त्या रविवारी दहावा होता."

आम्ही पाणंदीतून चाललो होतो. बाई थांबल्या, म्हणून मीही थांबलो.

"सकाळी ओढ्यावरचं सगळं आटपून माणसं घरी आली. पंगत बसली होती. शेजारच्या दुकानात तुमचा रेडिओ चालू. पारूबाईचं नाव आलं तशी सगळी गप्प झाली. तुम्ही वाचत होता आणि पंगत ऐकत होती. तिचा धाकटा दीर भरल्या पानावरून उठला. म्हणाला, भाऊ मरणाच्या दारात होता तेव्हा ही बाई नाचायची गाणी मागत होती. त्याच्या मागोमाग सगळे उठले."

"पण त्यांनी सांगितलं असेल ना, की मी नाही लिहिलं म्हणून?"

"सांगितलं. आधीची पाच तिनंच लिहिली होती की. गावाला माहीत होतं. पुढची तीन तेवढी नाही लिहिली, हे कोण खरं मानणार?" बाईंनी पुन्हा चालायला सुरुवात केली. "आणि वर्गाला अकरा बायका यायच्या. आता चार येतात. अक्षरं गिरवून हीच थेरं करणार, म्हणून घरच्यांनी बंद केल्या."

पारूबाई उंबऱ्याशी शेंगा फोडत बसल्या होत्या. बारीक चणीच्या, उन्हानं रापलेल्या. मी वाचताना जी म्हातारी डोळ्यांसमोर आणायचो तिच्याशी यांचं काही म्हणजे काही जुळत नव्हतं. आवाजही बारीक नव्हता. चांगला भरदार होता.

"हा बघ, तो रेडिओवाला," कोळेकर बाई म्हणाल्या.

त्यांनी मान वर केली. "व्हय? ये की बाबा, बस. एवढ्या उन्हाचं आलास."

मी घोंगडीवर बसलो. त्यांनी तांब्या पुढं केला. मी पाणी प्यालो आणि म्हणालो, "आजी, माझं चुकलं. ती तीन पत्रं मी लिहिली होती."

त्यांचे हात थांबले. "तू?"

"हो."

"का रं?"

'लोक हसत होते म्हणून,' असं मी अगदी हळू म्हणालो. त्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे.

"मला वाटलं, दुसरी कुनी पारू असंल," त्या म्हणाल्या. "माझं नाव घेऊन कोन कशाला लिवंल, असं वाटलं." मग पदरानं हात पुसले. "बरं. झालं ते झालं. आता तू एक कर. पारावर चार मानसं बसल्यात, माझा दीर बी आसंल. तितं चल आनि हेच सांग. येवढंच."

मी बाहेर पाहिलं. घरापासून पार दिसत होता. सात-आठजण बसले होते, पांढऱ्या टोप्या, हातात तंबाखू. मारतील, असं वाटलं. पण खरं तर मारण्याचं भय नव्हतं. त्यांच्यासमोर उभं राहून 'मी खोटं लिहिलं' हे शब्द तोंडातून काढायचे, त्याचं होतं.

"आजी, इथं सांगून सातच लोकांना कळेल," मी म्हणालो. "रेडिओवर सांगतो. सगळ्या पंचक्रोशीला कळेल. येत्या रविवारी. साडेदहाला."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "खरंच सांगशील?"

"शब्द देतो."

"मग समद्यास्नी बशिवते ऐकायला," त्या म्हणाल्या. कोळेकर बाई माझ्याकडं बघत होत्या. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही.

रविवारी मी खिशात कागद घालून गेलो. चार ओळी होत्या. त्या परेश सरांना दाखवल्या.

"हे नाही चालणार," ते म्हणाले. "माफी मागायचीय ना? माग. पण पत्रं बनावट होती, हे नाही बोलायचं. बोललास तर उद्यापासून येऊ नकोस आणि मीही इथं राहणार नाही. समजलं?" मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "तिचं ते गाणं लाव ना. तेच तर हवं होतं तिला."

मला ते पटलं. म्हणजे पटवून घेतलं. साडेदहाला लाल दिवा लागला. कागद समोर होता. मी माइक ओढला आणि म्हणालो, "मित्रांनो, पत्रांच्या गमतीजमतीत कुणाचं मन दुखावलं असेल, तर आम्ही दिलगीर आहोत. आणि आता, बऱ्याच दिवसांची एक फर्माईश. निंबळवाडीच्या पारूबाईंसाठी."

आणि ते बैलगाडीचं गाणं लावलं. पहिल्यांदाच पूर्ण ऐकलं. साडेतीन मिनिटांचं होतं. सुंदर होतं. माझे डोळे भरून आले आणि मला वाटलं, झालं, फिटलं.

सोमवारी दुपारी स्टेशनच्या फोनवर कोळेकर बाईंचा आवाज आला. बसस्टँडवरच्या बूथवरून बोलत होत्या.

"अहो, काय केलंत हे तुम्ही?"

"गाणं लावलं ना, बाई."

"गाणं लावलंत! सगळ्यांना बसवलं होतं तिनं. दिराच्या घरी स्वतः गेली, पाया पडून त्याला घेऊन आली. म्हणाली, आता ऐका, रेडिओवालाच सांगणार आहे. आणि तुम्ही तिचं नाव घेतलंत नि म्हणालात, फर्माईश! दीर म्हणाला, बघा, महिना झाला न्हाई तर अजून धाडतीय."

"त्या काय म्हणाल्या?"

फोनमध्ये नुसती खरखर. मग बाई म्हणाल्या, "काय म्हणणार? म्हणाली, पोरगं भ्यालं असंल."

मंगळवारी सकाळी मी पुन्हा गेलो. या वेळी कुणाच्या घरी गेलो नाही. गाडी थेट पाराजवळ लावली. तेच सात-आठजण होते. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं, कुठलं पत्र कोणत्या रविवारी लिहिलं ते सांगितलं. शेवटपर्यंत बोललो.

ते शांतपणे ऐकत होते. एकानं थुंकून तोंड रिकामं केलं.

"कुणी आणलं तुला?" त्यानं विचारलं. तोच दीर होता. उंच, कपाळावर भंडारा.

"कुणी नाही. मी आलोय."

"म्हातारी गेली व्हती का फोन लावाय?"

"नाही हो. खरंच सांगतोय. ती पत्रं मी लिहिली."

"हे बघ," तो म्हणाला. चिडून नाही, समजावल्यासारखं. "रेडिओवर तू लाख मानसांम्होरं बोललास. परवा बी बोललास, पारूबाईची फर्माईश म्हनून. हितं सात मानसांम्होरं दुसरंच बोलतोयस. आमी कुठलं खरं धरायचं?"

कुणीतरी हसलं. मी पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लागलो, तशी दोघं उठून माझ्याजवळ आले. एकानं गाडीची चावी काढून घेतली. "नीट सांग, कुणी पढवलंय?" त्यानं माझी कॉलर धरली.

"भावजी."

पारूबाई आल्या होत्या. डोक्यावरचा पदर दातात धरलेला. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे.

"ऱ्हाऊ द्या, भावजी. जाऊ द्या त्याला. लांब जायचंय पोराला."

दीर हसला. बाकीच्यांकडं वळून म्हणाला, "बघितलं? कुनाचं मानूस हाय ते?"

पारूबाईंनी पुढं होऊन त्या माणसाच्या हातातली चावी घेतली आणि माझ्या हातात ठेवली.

त्या आठवड्यात मी रेडिओ सोडला. परेश सरांनी थांबवलं नाही. पुढं मी सहकारी बँकेत लागलो, लग्न झालं, कोल्हापूरला बदली झाली. रेडिओ सोडल्यावर वर्षभरानं कोळेकर बाईंचा नंबर मिळवून फोन केला, तेव्हा कळलं की वर्ग बंद पडला आणि पारूबाई जतला लेकीकडं राहायला गेल्या. पत्ता मागावा असं मनात आलं. मागितला नाही.

ही हकिगत मी बायकोला सांगितली आहे, एक-दोन मित्रांनाही. ते म्हणतात, तू लहान होतास, परत गेलास, पारावर उभा राहिलास, एवढं कोण करतं? मी ऐकून घेतो. कारण त्यांना सगळं सांगतो, पण एक सांगत नाही. 'जाऊ द्या त्याला,' असं त्या म्हणाल्या, तेव्हा मला कळत होतं की मी आता गेलो तर गाव त्यांना कायमचं खोटं ठरवणार. थांबायला हवं होतं. ते मारतील तर मार खाऊन, पुन्हा पुन्हा तेच सांगत राहायला हवं होतं. पण चावी हातात आली आणि मला हायसं वाटलं. त्यांच्याकडं न बघता मी गाडीला किक मारली आणि निघून आलो.